मुलाला पोहायला कधी घालायचं?

चौकशीला येणारे आईबाबा आधी वयाचंच विचारतात. “कितव्या वर्षापासून घेता?” लहान मुलांना पोहायला शिकवणं हेच माझं काम, त्यामुळे एक आकडा सांगून मोकळं होणं मला अवघड नाही. पण मी उलट त्यांनाच विचारते: तुमच्या घराच्या आसपास पाणी आहे का? विहीर, ओढा, तळं, सोसायटीचा टँक, काहीही. आणि तुमचं मूल हात सोडून पळणाऱ्यातलं आहे का? घाई करायची की निवांत थांबायचं, हे या दोन उत्तरांवर ठरतं. वय त्यानंतर.

तरी वयाचं बोलू, कारण ते कळल्याशिवाय कुणाचं समाधान होत नाही.

एक वर्षाच्या आतलं बाळ पोहायला शिकत नाही. तान्ह्या बाळाला पाण्यात पालथं धरलं की ते हातपाय मारतं आणि थोडा वेळ श्वासही रोखतं, ही निसर्गाने दिलेली प्रतिक्षिप्त क्रिया. पहिल्या काही महिन्यांनंतर ती ओसरते. तिचे व्हिडिओ बघून “आमचं बाळ जन्मजात पोहतं” असं वाटणं साहजिक आहे, पण ते बाळ डोकं वर काढून श्वास घेऊ शकत नाही, आणि जीव वाचवताना नेमकं तेच लागतं. या वयात पाण्यात न्यायचं तर मजेसाठी न्या. पाणी चांगलं कोमट हवं, साधारण ३२ अंश. बाळ सतत तुमच्या हातात हवं, आणि थोडक्या वेळात बाहेर. वारंवार बुडी देणारा वर्ग असेल तर तिथून निघा. एवढ्याशा जिवाच्या पोटात बरंच पाणी गेलं तर रक्तातलं सोडियम उतरतं आणि झटकेही येऊ शकतात. “सहा महिन्यांच्या बाळाला बुडण्यापासून वाचायला शिकवतो” म्हणणाऱ्यांवर माझा काडीचा विश्वास नाही.

एक ते चार या वयाबद्दल डॉक्टरांचं मत गेल्या काही वर्षांत बदललं आहे. अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटना पूर्वी चार वर्षांच्या आधी नको म्हणायची. २०१० साली तिने ही भूमिका सैल केली, आणि २०१९ च्या सूचनांत तर वर्षाच्या पुढे सुरुवात करायला हरकत नाही असं म्हटलं. यामागे २००९ चा एक अभ्यास होता. त्यात पोहण्याची रीतसर शिकवणी घेतलेल्या एक ते चार वर्षांच्या मुलांमध्ये बुडण्याचा धोका ८८ टक्क्यांनी कमी दिसला. आकडा मोठा आहे, पण अभ्यासातली मुलं थोडी होती, म्हणून मी तो जाहिरातीसारखा वापरत नाही. त्यातून घ्यायचं ते एवढंच, की लवकर शिकवल्याने मूल निर्धास्त होऊन जास्त बुडतं ही जुनी भीती खरी ठरली नाही.

पण या वयात काय येतं, ते आधी समजून घ्या. पाण्यात पडल्यावर वळून कठडा धरणं, कठड्याला धरून बाजूबाजूने सरकणं, उताणं होऊन थोडा वेळ तरंगणं, तोंड पाण्यात घालून बुडबुडे सोडणं. एवढं आलं तरी माझ्या लेखी शिकवणी सार्थकी लागली. यासाठी आईने किंवा बाबांनी सोबत पाण्यात उतरायला हवं. कपडे घालून काठावर मोबाइल बघत बसायचं असेल तर तीन वर्षांच्या मुलाचं नाव घालू नका.

हात मारत, बाजूला मान वळवून श्वास घेत पोहणं हे साधारण पाच-सहाव्या वर्षीच जमतं. ऑस्ट्रेलियातल्या १९९५ च्या एका पाहणीत दोन, तीन आणि चार वर्षांपासून शिकणारी मुलं फ्रीस्टाइलपर्यंत पोचली, ती जवळपास एकाच वयाला, साडेपाचच्या आसपास. मलाही टँकमध्ये हेच दिसतं. लहान मुलाचं डोकं अंगाच्या मानाने जड, त्यात उजवा हात, डावा हात, पाय आणि श्वास यांचा मेळ घालायचा म्हणजे त्याची तारांबळ उडते. शेजारचा अडीच वर्षांचा जातो म्हणून आपलं पोर मागे पडेल, ही काळजी सोडून द्या. लवकर आलेल्याला पाण्याची ओळख आधी होते. स्पर्धेत तो पुढे जाईलच असं नाही.

आता तुमचं मूल तयार आहे का, हे घरच्या घरी कसं बघायचं? न्हाणीघरात. आंघोळ घालताना मगभर पाणी डोक्यावरून ओता, चेहऱ्यावरून ओघळू द्या, आणि त्याचे हात बघा. काही मुलं दोन्ही तळव्यांनी डोळे चोळत राहतात, श्वास ओढून रडतात, टॉवेल मागतात. काही एकदा तोंड पुसतात आणि पुढच्या मगाची वाट बघतात. दुसऱ्या प्रकारच्या मुलाला आणा. पहिल्या प्रकारच्याला आणखी थोडे दिवस घरीच खेळू द्या: बादलीत तोंड घालून फुंकर मारायची, तळाशी टाकलेला चमचा डोळे उघडे ठेवून काढायचा. तुम्ही समोर बसलेले हवेत, आणि खेळ संपला की बादली लगेच रिकामी करायची. लहान मूल बादलीभर पाण्यातही बुडतं. शिकवणीच्या पहिल्या काही दिवसांत मी जे करून घेते ते हेच. घरी झालं तर माझं काम वाचतं आणि मुलाचं रडणंही.

शिवाय एक सूचना एकदा सांगितल्यावर त्याने ऐकायला हवी. “थांब” म्हटल्यावर थांबतं का? कठड्यापाशी हाच शब्द सगळ्यात जास्त लागतो. तुमच्याशिवाय अर्धा तास दुसऱ्या मोठ्या माणसाजवळ राहतं का, शी-शू लागली तर सांगतं का, तेही बघा. हे सगळं चार वर्षांच्या मुलाला जमतंच असं नाही, आणि एखाद्या तीन वर्षांच्या मुलीला सहज जमतं. म्हणून मी वयाच्या आकड्यावर अडून बसत नाही.

फिट येण्याचा त्रास, हृदयाचा आजार, कानात बसवलेली नळी किंवा दमा असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, आणि शिकवणाऱ्यालाही पहिल्याच दिवशी सांगा. लपवू नका. जुलाब झाले असतील तर थांबल्यानंतरही काही दिवस पाण्यात आणू नका. पोहण्याचा डायपर तो जंतुसंसर्ग अडवत नाही.

उशीर कधी होतो? खरं तर शिकायला कधीच नाही. नऊ-दहा वर्षांची मुलं चार वर्षांच्यांपेक्षा भराभर शिकतात, कारण सांगितलेलं त्यांना कळतं. जागतिक आरोग्य संघटनेचा भरही सहा वर्षांवरच्या मुलांना पोहणं आणि पाण्यातली सुरक्षितता शिकवण्यावर आहे. त्याहून लहानांसाठी ती कुंपण आणि मोठ्यांची नजर यांना महत्त्व देते. मात्र घराजवळ उघडं पाणी असेल, किंवा मूल न सांगता निघून जाणारं असेल (स्वमग्न मुलांमध्ये हे बरंच दिसतं), तर शिकवणी लवकर सुरू करा आणि त्याच आठवड्यात दाराला वरची कडी लावून घ्या. आधी कडी.

नाव घालण्यापूर्वी एक बॅच काठावरून पूर्ण बघा. शिकवणारी व्यक्ती पाण्यात आहे की शिट्टी घेऊन वर उभी आहे? नवशिक्या लहान मुलांच्या गटात एकामागे चार-पाचांहून जास्त नकोत. एकजण शिकत असताना बाकीचे काय धरून उभे आहेत, तेही बघा. जीवरक्षक वेगळा हवा, शिकवणाऱ्यानेच दोन्ही कामं करायची नाहीत. क्लोरीनचा डोळे चुरचुरवणारा वास म्हणजे पाणी स्वच्छ असल्याची खूण नव्हे. घाम आणि लघवी यांच्याशी क्लोरीनचा संयोग झाला की तो वास सुटतो. मुलांचे ओठ निळसर दिसत असतील तर पाणी गार आहे. कुडकुडणारं मूल काहीही शिकत नाही.

रडण्याचं काय? काठावर रडणारं मूल पाण्यात गेल्यावर पाच मिनिटांत गप्प होत असेल तर ते नव्या जागेचं रडणं. चालू द्या. पण आदल्या रात्रीपासून पोट दुखायला लागलं, आंघोळीलाही नको म्हणायला लागलं, तर थांबवा आणि काही महिन्यांनी परत या. “ढकलून दिलं की आपोआप येतं” म्हणणाऱ्या काकांना टँकपासून लांब ठेवा. ढकललेली मुलं पुढे माझ्याकडे येतात, आणि त्यांची भीती मोडण्यात निम्मा सीझन जातो.

शिकवणी सुरू झाली म्हणजे मूल सुरक्षित झालं, असं समजू नका. दंडाला लावायचे फुगे मुलाला उभं तरंगवतात, पोहताना मात्र आडवं व्हायचं असतं. शिवाय त्यांच्यातली हवा कधी जाईल सांगता येत नाही, ते लाइफ जॅकेटच्या जागी चालत नाहीत. बुडणारं मूल ओरडत नाही. तोंड पाण्याच्या वर-खाली होत असतं, हात बाजूला पाणी दाबत असतात, आणि मिनिटभराच्या आत सगळं संपू शकतं. म्हणून लहान मूल पाण्यात असेल तेव्हा मोठं माणूस हात पोचेल इतक्या अंतरावर हवं, कितीही शिकलेलं असलं तरी.

आठवड्यातून एकदा तासभर येण्यापेक्षा दोन-तीनदा अर्धा तास आणा. आणि शिकवणी कधी थांबवायची, तर पुढच्या गोष्टी एकापाठोपाठ, कुणाचा हात न लागता जमल्यावर: डोक्यावरून जाईल इतक्या पाण्यात उडी मारून वर येणं, मिनिटभर तरंगणं, गोल वळून बाहेर पडायची जागा शोधणं, साधारण २५ मीटर जाणं, आणि शिडीशिवाय काठावर चढणं. शेवटच्या गोष्टीत बरीच मुलं अडकतात, म्हणून मी ती पहिल्या आठवड्यापासून करून घेते. मध्ये काही महिन्यांचा खंड पडला तर परत आल्यावर आधी उथळ भागात तरंगून दाखवायला सांगा, मगच खोल भागाकडे जाऊ द्या.