एकटीनं पोर्तुगाल, कमी पैशात (म्हापशेकरणीचा हिशोब)

गोव्यात राहणाऱ्या माणसाला स्वस्तात फिरायचं कसं हे कोणी शिकवायला नको, कारण आपण रोज उलट्या बाजूनं तेच बघतो. डिसेंबरात कळंगुटला कोण किती पैसे मोजतो, तीच खोली जूनमध्ये कितीला जाते, आणि गावापासून लांब असलेल्या थिवी रेल्वे स्टेशनला उतरून टॅक्सीवाल्यासमोर उभा राहिलेला माणूस कसा दिसतो, हे सगळं आपल्याला माहीत असतं. फक्त तिकडे गेल्यावर तो माणूस आपण असतो एवढं लक्षात ठेवायचं. मी ऑक्टोबरात अठरा दिवस गेले, एकटी, बहुतेक पोर्तुगाल आणि शेवटी थोडं स्पेन. आईनं पहिला प्रश्न विचारला, एकटी जेवणार कुठं? म्हणजे सुरक्षितता वगैरे नंतर.

आधी व्हिसा. (घरात पोर्तुगीज पासपोर्ट असेल तर हा भाग सोडा, तुमची मजा आहे.) शेंगेन म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा एकच व्हिसा, त्याची फी 90 युरो, प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी अर्ज करता येतो आणि निदान 15 दिवस आधी तरी करावाच लागतो, पण इतक्या शेवटी करू नका, जीव वर-खाली होतो. ज्या देशात जास्त रात्री राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा, रात्री सारख्या असतील तर जिथं आधी उतरणार तिथं. इन्शुरन्स किमान 30,000 युरो कव्हरचा लागतो. हॉटेलं बुक करताना फ्री कॅन्सलेशनवालीच घ्या, व्हिसा हातात आला की मग निवांत बसून स्वस्तातली शोधा.

सीझनचं गणित सोपं आहे. त्यांचा ऑगस्ट म्हणजे आपला डिसेंबर-अखेर. मे, सप्टेंबरचा शेवट, ऑक्टोबर हे बरे दिवस, गर्दी कमी आणि हॉस्टेलच्या बेडचा रेट पण खाली येतो. मला डॉर्ममधला (म्हणजे अनेकांच्या एकत्र खोलीतला) बेड वीस ते तीस युरोत मिळत गेला. बायकांची वेगळी डॉर्म बऱ्याच ठिकाणी असते, ती घ्या. लॉकर असतो पण कुलूप आपलं न्यायचं, टॉवेल पण आपलाच, नाहीतर त्याचं भाडं लावतात. लिस्बनमध्ये माणशी रात्रीला 4 युरो सिटी टॅक्स वेगळा असतो, तो बुकिंगच्या आकड्यात बरेचदा धरलेला नसतो, हिशोबात धरा.

लिस्बनमध्ये उतरल्यावर स्टेशनवर नावेगांते कार्ड घ्या, कार्ड अर्ध्या युरोचं, त्यात पैसे भरून ठेवायचे, त्याला तिकडे झॅपिंग म्हणतात. त्याच कार्डावर मेट्रो, ट्राम, सिंत्रा आणि काश्काइशची लोकल, नदीवरची फेरी सगळं चालतं. 28 नंबरच्या ट्रामसाठी सगळे तासभर लाईन लावतात आणि आत गेल्यावर पाकीटमार वाट बघत असतात, मी तो रूट सरळ चालले, चढ आहे पण आल्फामा या जुन्या वस्तीच्या गल्ल्या पायीच बऱ्या कळतात. त्यापेक्षा काइश दो सोद्रेहून काशिल्हासची फेरी पकडा. आपल्या पणजी-बेतीसारखीच, फक्त आपली चालत जाणाऱ्याला फुकट आणि ही थोड्या पैशात. संध्याकाळी परत येताना अख्खं शहर समोर दिसतं, बोट टूरवाले याचेच किती पैसे घेतात बघा.

लिस्बनमधल्याच बेलेंला जेरोनिमुस मठात वास्को द गामाची कबर आहे. लोक फोटो काढत होते, मी पण काढला, मग विचार केला की आपण नक्की कोणाबरोबर फोटो काढतोय. असो. जुनं गोवं बघत मोठं झालेल्याला तिथली चर्चेस ओळखीची वाटतात, म्हणून सगळ्यांची तिकिटं काढत बसू नका, एक-दोन निवडा.

माझं सगळ्यात आवडतं निघालं एव्होरा. लिस्बनच्या सेते रियुशहून बसनं दीड तास. तटबंदीच्या आत गाव, मधोमध रोमन देवळाचे खांब, आणि साओ फ्रान्सिस्को चर्चला लागून हाडांचं चॅपेल. भिंती खऱ्याच माणसांच्या हाडांच्या, दारावर लिहिलंय की आम्ही हाडं इथं आहोत, तुमच्या हाडांची वाट बघतोय. दुपारी जेवून जाऊ नका एवढंच. लोक सकाळी येऊन संध्याकाळी परत जातात म्हणून रात्री गाव रिकामं आणि शांत, एक रात्र तिथं राहाच. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र नको, एव्होरा ज्या भागात आहे त्या आलेंतेजूचं ऊन आपल्या मे महिन्याला लाजवतं.

आता समुद्र. आल्गार्व म्हणजे दक्षिणेचा किनारा. इथं आपलं ज्ञान कामाला येतं, कारण अल्बुफेइरा म्हणजे तिकडचं बागा, आणि तिथलं रेल्वे स्टेशन गावापासून काही किलोमीटर लांब, अगदी थिवीच. मी फारोला राहिले. लोकांना फारो म्हणजे एअरपोर्ट एवढंच माहीत असतं, त्यामुळे खोल्या परवडतात, जुना भाग छान आहे आणि धक्क्यावरून रिया फॉर्मोझा या खाजणाच्या बेटांवर बोटी जातात. किनाऱ्याच्या लोकलनं एका दिशेला लागोस, दुसऱ्या दिशेला ताविरा. लागोसच्या पोंता दा पिएदादेचे पिवळे कडे बघायला पैसे लागत नाहीत, वरून चालत जा. पण कड्याच्या सावलीत टॉवेल टाकून झोपू नका, 2009 मध्ये अल्बुफेइराजवळ असाच कडा कोसळून 5 जण गेले, पाट्या लावलेल्या असतात त्या शोभेच्या नाहीत. आणि पाणी गार! आपण मोरजीला तासभर डुंबणारी माणसं, तिथं गुडघ्यापर्यंत गेले आणि ओरडले. ताविराच्या बाजूला जरा बरं.

जेवण. दुपारी प्रातो दो दिया मागायचं, म्हणजे आजची थाळी समजा, दहा-बारा युरोत पोट भरतं, रात्री सूप-पाव किंवा हॉस्टेलच्या किचनमध्ये स्वतः. बसल्याबरोबर पाव, ऑलिव्ह, चीज आणून ठेवतात ते पाहुणचार म्हणून नाही, त्याला कोव्हेर्त म्हणतात आणि हात लावला की बिलात येतो. पहिल्याच दिवशी मी सगळा फस्त केला आणि बिल बघून गप्प बसले. नको असेल तर परत न्यायला सांगा, कोणी वाईट मानत नाही. शाकाहारी असाल तर काल्दो व्हेर्द सूपमध्ये बहुतेक वेळा चोरिसाची (डुकराच्या मांसाच्या सॉसेजची) चकती असते, सेम कार्ने, म्हणजे मांस नको, म्हणून सांगा. भाषेला घाबरू नका, पाव, चावी, बटाटा, अननस, कोबी, पगार हे सगळं तिकडूनच आलंय, मेनूकार्ड अर्धं तर आपलंच निघतं.

एटीएम मल्टीबांकोचंच, म्हणजे तिथल्या बँकांच्या सामायिक नेटवर्कचंच वापरा, टुरिस्ट गल्लीतली रंगीत मशीनं चार्ज जास्त लावतात. मशीननं विचारलं की रुपयांत कन्व्हर्ट करू का, तर नाही म्हणा, युरोच ठेवा.

स्पेनला जायचं असेल तर लोकलच्या शेवटच्या टोकाला, व्हिला रियाल दे सांतो अँतोनियोला उतरा, समोर ग्वादियाना नदी आणि पलीकडे स्पेनचं आयामोंते. फेरीनं पंधरा-वीस मिनिटं. पण स्पेनचं घड्याळ एक तास पुढे आहे आणि मी ते विसरले, पलीकडे पोचले तेव्हा सेव्हिया (सेव्हिल) शहराची बस निघून गेलेली, मग बसा बाकावर पुढच्या बसपर्यंत. सेव्हियात अल्काझार राजवाड्याचं तिकीट ऑनलाईन आधी काढून ठेवा.

राहिलं सामान. ट्रॉली नेऊ नका, पाठीवरची बॅग न्या, आणि ज्यांचा सोल जमिनीला धरून राहतो असे बूट. तिकडचे फुटपाथ छोट्या छोट्या पांढऱ्या दगडांचे, पाऊस पडला की शेवाळलेल्या विहिरीच्या कडेसारखे निसरडे. मी ट्रॉली नेली होती, तिचं एक चाक अजून आल्फामाच्या कुठल्यातरी उतारावर असेल.