एका निर्णयाचा माग: तरुणांच्या गटासोबत नागरिकशास्त्र कसे शिकवावे

नागरिकशास्त्राचे शिक्षण बहुतेक ठिकाणी संस्थांच्या रचनेपासून सुरू होते: सभागृहे किती, सदस्यांची मुदत किती, कोणाला कोणते अधिकार. ही माहिती आवश्यकच आहे. परंतु केवळ तिच्या बळावर कोणी तरुण आपल्या भागातील बंद पडलेल्या वाचनालयाबद्दल सार्वजनिक सभेत उभा राहून प्रश्न विचारू लागत नाही. म्हणून शिक्षक, ग्रंथपाल किंवा युवक मंडळाचे कार्यकर्ते यांपैकी ज्यांच्याकडे तरुणांचा एखादा गट आहे, त्यांनी हा क्रम उलटा करून पाहावा. आधी प्रत्यक्षात व्हायचा असलेला एक निर्णय निवडावा आणि त्याचा माग काढता काढता संस्थांची ओळख करून द्यावी.

प्रश्नाची निवड गटानेच करावी, मात्र तो आवाक्यातला आहे की नाही हे मार्गदर्शकाने पाहावे. ‘भ्रष्टाचार’ किंवा ‘हवामानबदल’ हे विषय कितीही महत्त्वाचे असले तरी त्यांवर कोणत्या टेबलावर, कोणत्या तारखेला निर्णय होणार हे सांगता येत नाही, आणि जिथे हे सांगता येत नाही तिथे चर्चा भाषणांतच संपते. शेवटच्या बसची वेळ, वाचनालय उघडे राहण्याचे तास, शाळेसमोरचा रस्ता ओलांडण्याची सोय हे प्रश्न दिसायला लहान असतात. पण ते तरुणांच्या रोजच्या जगण्यातले असतात आणि त्यांचे उत्तर काही महिन्यांत मिळू शकते.

पुढचा टप्पा म्हणजे निर्णय नेमका कोण घेतो हे शोधणे. माझ्या मते संपूर्ण उपक्रमातील सर्वांत जास्त वेळ येथेच द्यावा. अननुभवी गट सहसा सर्वांत मोठ्या पदाकडे निवेदन पाठवतो, ते खाली खाली सरकत कोणाच्या तरी फायलीत विसावते, आणि ‘आपले कोणी ऐकत नाही’ हा निष्कर्ष मात्र पक्का होतो. बसच्या वेळेचे उदाहरण घेतले, तर बस चालवणारी संस्था कोणती, तिला पैसा कोण देते, वेळापत्रक प्रशासन आपल्या अधिकारात बदलू शकते की त्यासाठी निवडून आलेल्या सभागृहाचा ठराव लागतो, आणि खर्च वाढणार असेल तर पुढचे अंदाजपत्रक कधी मांडले जाते, हे प्रश्न क्रमाने विचारावेत. उत्तरे मागील सभांच्या इतिवृत्तांत, अंदाजपत्रकात आणि संबंधित नियमांत शोधावीत. कागद उपलब्ध नसतील आणि देशात माहिती मिळवण्याचा कायदा असेल, तर रीतसर अर्ज करावा. प्रशासन आणि लोकप्रतिनिधी यांच्यातील फरक, अधिकारांची विभागणी, अंदाजपत्रकाचे चक्र हे सारे या शोधात आपोआप येते, आणि शिकणाऱ्याला त्याची त्या क्षणी गरज असल्यामुळे ते लक्षातही राहते.

मार्गदर्शकाच्या स्वतःच्या मतांचे काय करायचे, हा प्रश्न लवकरच उभा राहतो. याबाबत १९७६ साली पश्चिम जर्मनीत बॉइटल्सबाख येथे राजकीय शिक्षणाविषयी झालेल्या परिषदेतून पुढे आलेली तीन तत्त्वे आजही उपयोगी आहेत: विद्यार्थ्यांवर आपले मत लादू नये, विद्याक्षेत्रात आणि राजकारणात जे वादग्रस्त आहे ते वर्गातही वादग्रस्त म्हणूनच मांडावे, आणि विद्यार्थ्याला स्वतःचे हित ओळखून परिस्थितीवर प्रभाव टाकण्याचे मार्ग शोधता यावेत. व्यवहारात याचा अर्थ असा, की बसची वेळ वाढवण्याची मागणी करणाऱ्यांपैकी काहींनी चालकांच्या कामाच्या तासांची आणि रिकाम्या फेऱ्यांच्या खर्चाची बाजू तितक्याच जोराने मांडून पाहावी. मात्र एखादी आकडेवारी खरी की खोटी, हा मतभेदाचा विषय नाही. ती तपासायची असते.

निवेदन देताना तीन-चार मिनिटांत मागणी, तिचे कारण, गटाने स्वतः गोळा केलेला पुरावा आणि कोणी काय करावे हे स्पष्ट सांगता आले पाहिजे. आधी तालीम घ्यावी आणि तीत एकाने त्रासलेल्या अधिकाऱ्याची भूमिका करावी (ही भूमिका करायला कोणीही आनंदाने तयार होते). बोलण्यात तरबेज असलेल्या दोघांवरच सगळे सोपवू नये. थांब्यावर उभे राहून प्रवासी मोजणारा, टिपणे ठेवणारा आणि पत्रे लिहिणारा हेही तितकेच महत्त्वाचे सदस्य आहेत.

एका सापळ्यापासून मात्र सावध राहावे. तरुणांना व्यासपीठावर बसवून छायाचित्र काढणे यंत्रणांना आवडते. बालसहभागाचे अभ्यासक रॉजर हार्ट यांनी १९९२ मध्ये युनिसेफसाठी मांडलेल्या सहभागाच्या आठ पायऱ्यांच्या शिडीत खालच्या तीन पायऱ्या, म्हणजे वापरून घेणे, शोभेसाठी बसवणे आणि नावापुरते स्थान देणे, सहभागात मोजलेल्याच नाहीत. निमंत्रण आले की ‘या बैठकीत काय ठरणार आहे आणि आमच्या सूचनेला उत्तर कोण, कधी देणार?’ असे विचारावे. उलट बॉस्टन शहराने २०१४ मध्ये १२ ते २५ वयोगटातील रहिवाशांना दहा लाख डॉलर कोणत्या कामांवर खर्च व्हावेत हे मतदानाने ठरवू दिले. येथे वय कमी असले तरी अधिकार खरा होता.

मतदानाबद्दल थोडक्यात सांगायचे तर नावनोंदणीची अंतिम तारीख गटाच्या दिनदर्शिकेत आधीच लिहून ठेवावी आणि पात्र होणाऱ्यांनी एकत्र बसून अर्ज भरावेत. मतदानाचे वय सर्वत्र सारखे नाही: ऑस्ट्रियाने ते २००७ मध्ये १६ केले, तर ब्राझीलमध्ये १९८८ च्या संविधानानुसार १६ व १७ वर्षांच्या तरुणांना ऐच्छिक मतदानाचा हक्क आहे. ज्यांना अजून मत नाही त्यांच्यासाठी खऱ्या उमेदवारांसह अभिरूप (म्हणजे सरावाचे) मतदान घ्यावे. नॉर्वेतील शाळांत अशी निवडणूक नियमितपणे होते.

निवेदनानंतर बहुधा ‘विषय विचाराधीन आहे’ असे उत्तर येते आणि बहुतेक उपक्रम तिथेच विरतात. त्यामुळे पाठपुराव्याची तारीख निवेदनाच्या दिवशीच ठरवावी आणि त्या दिवशी कोण पत्र लिहिणार हेही नावानिशी नोंदवावे. मागणी फेटाळली गेली तर कारणे लेखी मागावीत आणि अडचण पैशाची होती, नियमाची होती की आपला पुरावा अपुरा होता, हे गटाने स्वतः ठरवावे. पैशाची असेल तर पुढील अंदाजपत्रकापूर्वी पुन्हा जाता येते, नियमाची असेल तर तो बदलू शकणाऱ्या सभागृहाकडे जावे लागते. वर्षाअखेरीस जुने सदस्य पांगतात, म्हणून पत्रव्यवहार, मोजणीचे तक्ते, संबंधित अधिकाऱ्यांची पदनामे आणि अपुऱ्या राहिलेल्या कामांची यादी एका फाइलमध्ये लावून ती नव्या सदस्यांकडे सोपवावी आणि पाठपुराव्याचे पुढचे पत्र त्यांच्याच हातून जाऊ द्यावे.