खोकल्याची साथ आणि मुकादमाची वही

साथरोग सर्वेक्षणात नव्याने येणारी मुलंमुली पहिला प्रश्न बहुतेक वेळा लॅबबद्दल विचारतात. पीसीआर कुठे होतं, रिपोर्ट किती दिवसांत येतो, पुण्याच्या एनआयव्हीला, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्थेला, नमुना कधी पाठवायचा. मी त्यांना नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यातल्या एका गावाची गोष्ट सांगते. द्राक्षाचा हंगाम होता. गावाचं आणि तिथल्या पॅकहाउसचं, म्हणजे द्राक्षं पेट्यांत भरतात त्या जागेचं, नाव सांगणार नाही. ओळख पटू नये म्हणून आकडेही थोडे बदललेत, पण गणिताचा सूर तोच आहे.

आधी स्वतःबद्दल, कारण तेही विचारलं जातंच. मी मूळची दातांची डॉक्टर. बीडीएसनंतर नाशिकला गंगापूर रोडवर एका दवाखान्यात दोन वर्षं दाढा भरल्या, मग सार्वजनिक आरोग्यातलं एमपीएच केलं आणि करारावर एपिडेमिऑलॉजिस्ट म्हणून लागले. हे पद नेमकं काय ते आईला अजूनही शेजारणींना सांगता येत नाही. 'साथीची डॉक्टर' म्हणून ती वेळ मारून नेते. या कामात बीएएमएस, बीएचएमएस, मायक्रोबायोलॉजी, नर्सिंग अशा सगळ्या बाजूंनी आलेले लोक भेटतात. करार दर वर्षी नव्याने होतो आणि पगार अधूनमधून लांबतो, एवढी तयारी मनाशी ठेवून या.

तर ती साथ. आपली यंत्रणा कागदावर मोठी नेटकी आहे. २००४ मध्ये एकात्मिक रोग सर्वेक्षण सुरू झालं तेव्हापासून आरोग्यसेविकेचा एस फॉर्म, डॉक्टरचा पी फॉर्म आणि लॅबचा एल फॉर्म अशी माहिती वर चढते. आता तीच पोर्टलवर भरली जाते. पण आमच्या पोर्टलवर त्या आठवड्यात काहीच लाल दिसत नव्हतं. दिसणार तरी कसं? पेशंट तीन उपकेंद्रांत विभागले गेले होते, आणि निम्म्याहून जास्त लोक खाजगी डॉक्टरांकडे जाऊन सुई टोचून घेऊन आले होते. बातमी आली ती गावातल्या मेडिकलवाल्याकडून. त्याने आरोग्यसेवकाला फोन करून सांगितलं, "भाऊ, चार दिवसांत दम्याचे सगळे पंप खपले. बाया येताहेत, खोकून बेजार."

नव्या मुलांना म्हणूनच सांगते, तालुक्यातल्या चार मेडिकलवाल्यांशी आणि दोन रिक्षावाल्यांशी ओळख ठेवा. डॅशबोर्डपेक्षा ते दोन दिवस पुढे असतात.

गावात पोचायच्या आधी एक कंटाळवाणं काम करावं लागतं. ही खरंच साथ आहे का, ते बघायचं. निफाडची थंडी तुम्हाला माहीत आहे, द्राक्षबागांत शेकोट्या पेटवायची वेळ येते. त्या दिवसांत खोकला घरोघरी असतो. म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्राची मागच्या दोन वर्षांची ओपीडीची रजिस्टरं काढून त्याच आठवड्यांची पानं बोटाने मोजली. एरवी धाप लागणारे मोठ्या वयाचे पेशंट आठवड्याला पाच-सहा, आणि तेही बहुतेक बिड्या ओढणारे म्हातारे. या वेळी वीसच्या वर होते, आणि त्यांत तिशी-चाळिशीच्या बायका जास्त. एवढं हातात आल्यावरच गाडी काढली.

आम्ही पोचेपर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवर 'नवीन कोरोना' येऊन गेला होता. सरपंचांचा आग्रह होता की सगळ्या गावाचे स्वॅब घ्या. सगळ्यांचे नाही, पण अकरा घेतले, आणि तिथे माझीच चूक झाली. व्हीटीएमच्या, म्हणजे स्वॅब ज्या द्रावात ठेवून पाठवतात त्याच्या, नळ्यांवर मी साध्या बॉलपेनने नावं लिहिली. आईसबॉक्समधलं बर्फाचं पाणी लागून दोन लेबलं धुऊन गेली आणि ते नमुने बाद झाले. तेव्हापासून पाण्याने न जाणारा मार्कर माझ्या पर्समध्ये लिपस्टिकच्या शेजारी असतो. नमुना दोन ते आठ अंशांत ठेवणं, तिहेरी पॅकिंग करणं हे सगळं ट्रेनिंगमध्ये शिकवतात. पेनाचं कोणी सांगत नाही.

उरलेल्या नऊ नमुन्यांत करोना एकातही नव्हता. फ्लू ए एकात निघाला, आणि त्या एका पॉझिटिव्हने आम्हाला जवळजवळ फसवलं. आढावा बैठकीत सगळ्यांचे चेहरे उजळले. फ्लूच आहे, मास्क वाटा, फाइल बंद करा. मी नवीन होते, गप्प बसले असते. पण ज्याच्यात फ्लू निघाला त्या गड्याला सणसणून ताप होता, आणि बाकीच्यांना तापच नव्हता. हे मला कळलं होतं ते माझ्या हुशारीने नाही. आमच्या आशाताईंनी माझी प्रश्नावली दुरुस्त केली होती म्हणून.

मी विचारत होते, "ताप आला होता का?" बायका म्हणायच्या, "हो, लई ताप झाला." ताप म्हणजे त्रास! आशाताई शेजारून म्हणाल्या, "मॅडम, असं नका विचारू. अंगात कसर होती का, कणकण होती का, असं विचारा." तसं विचारलं आणि उत्तरं उलटली. कसर नाही, कणकण नाही. घसा जळतो, डोळ्यांतून पाणी येतं, छाती आवळल्यासारखी होते, खोकला थांबत नाही. पेठ-सुरगाण्याकडून मजुरीला आलेल्या बायकांची बोली आणखी वेगळी. त्यांच्यातलीच एक शिकलेली मुलगी दुभाषी म्हणून घेतली. मधे नवरा बसला की तोच उत्तरं देतो, हेही लवकर लक्षात आलं. मग बाईला भांडी घासता घासता विचारायचं, नवऱ्याला आरोग्यसेवकाने बाहेर गप्पांत गुंतवायचं.

पहिल्या दिवशी आम्ही 'खोकला असलेला कोणीही' लिहीत गेलो आणि यादी अठ्ठावन्नवर पोचली. त्यात जुने दमेकरी होते, तंबाखूवाले होते, सर्दी झालेली पोरं होती. एवढ्या गाळातून काही दिसत नाही. रात्री विश्रामगृहात बसून केसची व्याख्या, म्हणजे या साथीचा रुग्ण कोणाला म्हणायचं ते, नव्याने लिहिली: पंधरा वर्षांवरची व्यक्ती, गावात राहणारी किंवा कामाला येणारी, गेल्या चौदा दिवसांत नव्याने सुरू झालेला खोकला, आणि सोबत धाप किंवा छाती आवळणं. सव्वीस उरले. व्याख्येत कामाचं ठिकाण घालायचा मोह मला झाला होता, कारण मनात संशय आलाच होता. वरिष्ठांनी ती ओळ खोडली. जे शोधायचंय तेच व्याख्येत घातलं की ते सापडणारच, म्हणाले.

आता तारखा. लाइन लिस्टमध्ये, म्हणजे एका ओळीत एक पेशंट अशा यादीत, सगळ्यात महत्त्वाचा रकाना लक्षणं सुरू झाल्याच्या तारखेचा, आणि लोकांना नेमकी तीच आठवत नाही. "झाले की आठ-दहा दिवस." त्यावर उपाय म्हणजे गावाचं कॅलेंडर. महाशिवरात्रीच्या आधी की नंतर? बाजाराच्या दिवशी बरं होतं का? शेजारच्या हळदीच्या आदल्या दिवशी खोकला होता का? असं विचारत गेलं की तारीख सापडते, कधीकधी वेळसुद्धा. बऱ्याच बायकांनी दुपारची जेवणाची सुट्टी संपल्यानंतरची वेळ सांगितली. आणि आठवडे बाजारच्या दिवशी, म्हणजे सुट्टीला, बरं वाटल्याचंही.

आलेखाच्या कागदावर एकेक चौकोन भरत गेले तेव्हा ते डोळ्यांना दिसलं. माणसाकडून माणसाला लागणाऱ्या आजारात लाटेमागून लाट येते, घरात एकाला झालं की तीन-चार दिवसांत दुसऱ्याला. इथे कामाच्या दिवसांत चौकोन, सुट्टीला रिकामी जागा, पुन्हा चौकोन. झोपड्यांत सहा-सहा जण एका गोधडीच्या अंतरावर झोपत होते. आई खोकतेय आणि कुशीतलं पोर ठणठणीत. हा कसला संसर्ग?

सव्वीसपैकी बावीस जण एकाच पॅकहाउसशी जोडलेले निघाले. चौघे कुठेच बसेनात. त्यांना मी ओढूनताणून बसवलं नाही, तुम्हीही बसवू नका. पण 'बावीस पॅकहाउसचे' यातून काही सिद्ध होत नाही. त्या दिवसांत अर्धं गाव पॅकहाउसमध्येच असतं. किती आजारी पडले याच्या जोडीला किती जण तिथे होते आणि आजारी पडले नाहीत, तेही लागतं. व्यवस्थापकांनी हजेरीपट अगदी चहासोबत दिला. त्यात अठ्ठावीस नावं. त्यांतले आजारी सहाच. मग बाकीचे सोळा आले कुठून?

ते होते मुकादमाच्या वहीत. लाल कापडी पुठ्ठ्याची, घामाने मऊ पडलेली वही. त्यात पंचाहत्तर नावं होती. हजेरीपटावरची माणसंही त्यातच, आणि प्रत्येकापुढे कोणत्या दिवशी कुठल्या हॉलला, बागेत तोडणीला की आत पॅकिंगला, ते लिहिलेलं. कारण मजुरी त्यावर ठरते. मुकादम आधी वही देईना. आजारी बायकांची नावं कळली की पुढच्या हंगामाला त्यांना बोलावणार नाहीत अशी त्याला धास्ती होती, आणि ती चुकीची नव्हती. मी त्याच्यासमोर नावांऐवजी नंबर लिहून घेतले आणि नंबरांची किल्ली स्वतःकडे ठेवली. त्यानंतर तो स्वतःच एकेक ओळ वाचून दाखवू लागला.

हिशेब अगदी शाळेतला आहे. प्रीकूलिंगच्या, म्हणजे माल आधी गार करायच्या, खोलीला लागून असलेल्या बंद हॉलमध्ये काम केलेले चौतीस, त्यांत आजारी एकोणीस. दुसऱ्या हॉलमधले आणि बागेतले मिळून एक्केचाळीस, त्यांत आजारी तीन. छप्पन्न टक्के विरुद्ध सात टक्के, म्हणजे सुमारे साडेसातपट. कसलंही सॉफ्टवेअर लागलं नाही, मोबाइलचा कॅल्क्युलेटर पुरला.

मग तो हॉल बघायला गेलो. युरोपला जाणाऱ्या द्राक्षाच्या पेटीत माल कुजवणारी बुरशी येऊ नये म्हणून एक कागदी पॅड घालतात. त्यात सोडियम मेटाबायसल्फाइट असतं. द्राक्षाची ओल लागली की त्यातून सल्फर डायऑक्साइड हळूहळू सुटतो. पेटीच्या आत, थंडीत, ते ठीक. इथे पॅडचे फोडलेले गठ्ठे हॉलच्या कोपऱ्यात जमिनीवर, आणि वर एसीच्या पाइपातून थेंब थेंब पाणी. माश्या आणि धूळ नको म्हणून खिडक्या बंद, दाराला प्लास्टिकच्या पट्ट्या. आत शिरताच काडेपेटीची काडी नाकाशी ओढल्यासारखं झालं. दोन मिनिटांत मीही खोकायला लागले. रोज आठ-दहा तास तिथे उभ्या असणाऱ्या बाईचं काय होत असेल? हा वायू श्वासनलिकेच्या ओल्या अस्तरावर विरघळून ते जाळतो, आणि ज्यांना आधीपासून दमा आहे त्यांना अगदी थोड्या प्रमाणातही धाप लावतो.

परतीच्या वाटेवर वरिष्ठांनी बार्सिलोनाची हकीकत सांगितली. १९८१ ते १९८७ या काळात त्या शहरात मधूनच एखाद्या दिवशी दम्याच्या झटक्याचे पेशंट इमर्जन्सीत लोटायचे. अशा २६ साथी झाल्या. हवामान, प्रदूषण सगळं तपासून झालं. शेवटी लक्षात आलं की ज्या दिवशी बंदरात जहाजातून सोयाबीन उतरवतात, तेच हे दिवस. सोयाबीन साठवायच्या एका उंच कोठाराला, सायलोला, धूळ अडवणारे फिल्टरच नव्हते. ते बसवले आणि साथी थांबल्या. तिथेही गाठ सुटली ती तारखांना तारखा लावून. पिंपळगावचा टोलनाका येईपर्यंत मी तेच ऐकत होते आणि मधेमधे खोकत होते.

आमच्याकडे हवेतला वायू मोजायचं यंत्र नव्हतं. ते मागवून येईपर्यंत गठ्ठे वेगळ्या कोरड्या खोलीत गेले होते, पाइप दुरुस्त झाला होता, मोठा एक्झॉस्ट फॅन बसला होता. व्यवस्थापक वाईट माणूस नव्हता, त्यालाही माल अडकण्याची भीती होती. त्यानंतर नवीन केस आली नाही. अहवालात मी 'सिद्ध' लिहिलं नाही, 'संभाव्य कारण' लिहिलं. मोजमाप नसताना त्यापुढे जाता येत नाही. वर्तमानपत्रात एका कोपऱ्यात 'निफाड तालुक्यात फ्लूचा रुग्ण' एवढंच छापून आलं.

निघताना मुकादम गाडीपर्यंत आला. वही माझ्याच बॅगेत राहिली होती. "मॅडम, ती द्या, शनिवारचा पगार त्यावरच व्हायचाय." देताना बघितलं तर शेवटच्या पानावर त्याने स्वतःच एक रकाना आखला होता: खोकला, हो किंवा नाही.

पुढच्या जानेवारीत आशाताईंचा फोन आला. गठ्ठे वेगळ्याच खोलीत आहेत, पाणी गळत नाही, पण बिल फार येतं म्हणून फॅन बंद ठेवलाय. आणि मुकादमाच्या रकान्यात तीन 'हो' पडलेत. मी मार्कर पर्समध्ये आहे का ते बघितलं आणि ड्रायव्हरला फोन लावला.