चार भाषांचं सोलापूर: नामांचं लिंग ओळखताना या चुका टाळा

"मी भाकरी खाल्लो", "मी त्याला सांगितलो." सोलापुरात ही वाक्यं रोज कानावर पडतात. शाळेच्या वहीत मात्र त्यांच्याखाली लाल रेघ येते आणि पोराला लिंग कळत नाही असा निष्कर्ष निघतो. हा निष्कर्ष चुकीचा आहे. तोच पोरगा 'शिळी भाकरी' म्हणतो, 'शिळा भाकरी' कधीच म्हणत नाही. म्हणजे भाकरीचं लिंग त्याला पक्कं ठाऊक आहे.

अडचण क्रियापदाची आहे. प्रमाण मराठीत भूतकाळातलं सकर्मक क्रियापद सहसा कर्त्याला सोडून कर्माच्या मागे जातं. चादर विणली, टॉवेल विणला, कापड विणलं. विणणारा तोच, माग तोच, पण 'विणणे'ची तीन रूपं झाली. कन्नड आणि तेलुगूत असं होत नाही, तिथे क्रियापद कर्त्याशीच बांधलेलं राहतं. ज्या गल्लीत या भाषा पिढ्यान् पिढ्या मराठीशेजारी नांदल्या, तिथली मराठी 'मी'च्या मागे 'खाल्लो' लावते. ही बोलीची रीत आहे, अज्ञान नव्हे. पेपरात प्रमाण रूप हवं असेल तर लिंगांच्या याद्या घोकून घेण्यात वेळ घालवू नका. 'मी चादर विणली, मी टॉवेल विणला, मी कापड विणलं' अशी एकाच क्रियापदाची तीन वाक्यं मुलाकडून मोठ्याने म्हणून घ्या. चूक जिथे आहे तिथेच औषध लागू पडतं.

लिंगाबद्दलचे बहुतेक गोंधळ इथूनच सुरू होतात. आपण नामाकडे बघत बसतो, आणि खूण असते शेजारच्या शब्दांवर. अमेरिकन भाषावैज्ञानिक चार्ल्स हॉकेट यांनी १९५८ मध्ये केलेली व्याख्या याच अर्थाची आहे: सोबतच्या शब्दांच्या वागण्यात उमटणारे नामांचे वर्ग म्हणजे लिंग. विशेषण, क्रियापद, सर्वनाम यांतलं काही बदलतं का ते आधी तपासा.

वस्तूत लिंग शोधू नका

जर्मन भाषेत चमचा पुल्लिंगी, काटा स्त्रीलिंगी आणि सुरी नपुंसकलिंगी आहे. एकाच ताटाशेजारच्या या तीन वस्तूंत पुरुषपण किंवा बाईपण शोधून हाती काही लागणार नाही. सूर्य मराठीत आणि फ्रेंचमध्ये पुल्लिंगी, जर्मनमध्ये स्त्रीलिंगी. 'मुलगी' या अर्थाचा जर्मन शब्द तर नपुंसकलिंगी आहे, कारण त्याच्या शेवटी लहानपणा दाखवणारा प्रत्यय आहे आणि तो प्रत्यय लागला की नाम नपुंसकलिंगीच होतं.

आपल्याला याचा त्रास होतो तो हिंदी-उर्दूमुळे. बाजारात, कारखान्यात, रिक्षात आपण दिवसभर दोन्हींत बोलतो आणि शब्द सारखेच असतात, म्हणून लिंगही सारखंच असेल असं धरून चालतो. मराठीत 'मजा आली', हिंदीत 'मज़ा आया'. मराठीत 'चांगलं पुस्तक', हिंदीत 'अच्छी पुस्तक'. आत्मा आपल्याकडे पुल्लिंगी, हिंदीत स्त्रीलिंगी. आपला चहा 'झाला', त्यांची चाय 'हो गई'. हिंदीत नपुंसकलिंगच नाही, त्यामुळे आपली सगळी नपुंसकलिंगी नामं तिथे जाताना दोनपैकी एक बाजू धरतात. उपाय सोपा आहे. सगळा शब्दकोश पाठ करायला जाऊ नका. ज्या शब्दांचं लिंग दोन भाषांत वेगळं आहे तेवढेच वहीत वेगळे लिहा, आणि प्रत्येकाआधी विशेषण जोडूनच लिहा.

शेवटच्या अक्षरावर भिस्त ठेवू नका

'आ'कारान्त ते पुल्लिंगी, 'ई'कारान्त ते स्त्रीलिंगी, हा नियम घोडा-घोडी, धागा-दोरी यांच्यापुरता चालतो. मग हत्ती, मोती आणि माळी येतात, पाणी, लोणी आणि दही येतात, शाळा, भाषा आणि दिशा येतात, आणि नियम मोडून पडतो. व्यंजनाने संपल्यासारखे उच्चारले जाणारे शब्द तर काहीच सांगत नाहीत: दगड, भिंत, घर.

'वेळ' हा शब्द इथे नीट पाहण्यासारखा आहे. 'माझा वेळ गेला' आणि 'जेवणाची वेळ झाली' ही दोन्ही वाक्यं बरोबर आहेत. कालावधी सांगायचा असेल तर पुल्लिंग, ठरावीक क्षण सांगायचा असेल तर स्त्रीलिंग. 'माळ'सुद्धा तसाच: माळ उजाड असतो, माळ गळ्यात घातली जाते. इथे लिंग अर्थ वेगळा करण्याचं काम करतं. म्हणून विद्यार्थ्याने 'तुझी वेळ वाया गेली' असं लिहिलं तर नुसतं खोडू नका, दोन्ही अर्थ समोर ठेवा.

तेलुगूबद्दलचा गैरसमज

सोलापूरच्या पूर्व भागात विणकर पद्मशाली कुटुंबांची तेलुगू ऐकून मराठी माणूस एक निष्कर्ष काढतो: "यांच्यात बाईला वस्तूसारखं बोलतात." कारण काय, तर 'तो आला'साठी 'अतनु वच्चाडु', पण 'ती आली' आणि 'ते आलं' या दोन्हींसाठी 'वच्चिंदि'. एवढं ऐकून थांबणं हीच चूक. अनेकवचन ऐका. माणसं आली, मग ते पुरुष असोत की बायका, 'वच्चारु'. वस्तू किंवा जनावरं आली तर 'वच्चायि'. एकवचनात वस्तूंच्या रांगेत दिसलेली बाई अनेकवचनात पुरुषांच्या रांगेत आहे. आणि आदराने बोलताना एकट्या बाईलाही 'वच्चारु'च म्हणतात.

कन्नडची मांडणी आणखी वेगळी. एकवचनात तीन खाने: 'अवनु बंदनु', 'अवळु बंदळु', 'अदु बंदितु'. अनेकवचनात दोनच: माणसांसाठी 'बंदरु', इतरांसाठी 'बंदवु'. मराठी मुलाला कन्नड सोपी जाते ती इथे, कारण खाना अर्थावरून कळतो. भिंत, दगड, घर सगळे एकाच खान्यात. उलट कन्नड घरातल्या मुलाला मराठी 'भिंत पडली, दगड पडला, घर पडलं' ही विभागणी निराधार वाटणारच. त्याला 'का?' विचारू द्या, पण खोटं कारण देऊ नका. कारण नाही, वापर आहे, असं सरळ सांगा.

व्याकरणावरून समाजाचा स्वभाव ठरवण्याची घाई इतरत्रही झाली आहे. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडमधली डिरबल ही भाषा भाषावैज्ञानिक आर. एम. डब्ल्यू. डिक्सन यांनी अभ्यासली. तिच्या चार नामवर्गांपैकी एकात स्त्रिया, अग्नी, पाणी आणि लढाईशी संबंधित गोष्टी येतात. त्यावरून 'ते लोक बाईला आगीसारखी धोकादायक मानतात' असं सर्रास म्हटलं जातं. डिक्सन यांनी दिलेला दुवा वेगळा आहे: तिथल्या पुराणकथेत सूर्य ही बाई आहे आणि चंद्र तिचा नवरा. म्हणून सूर्य स्त्रियांच्या वर्गात गेला आणि सूर्यामागोमाग अग्नी. किल्ली ज्या भाषेत पुल्लिंगी, ते भाषक तिला कणखर समजतात, हा प्रयोगही खूप गाजला. पुढे तो पुन्हा करून पाहणाऱ्यांना तसे निकाल मिळाले नाहीत. वर्गात तो सिद्ध गोष्ट म्हणून सांगू नका.

दोन किंवा तीनच असतात असं समजू नका

भाषावैज्ञानिक ग्रेव्हिल कॉर्बेट यांनी २५७ भाषांची पाहणी केली. त्यांतल्या १४५ भाषांत लिंगाची व्यवस्थाच नाही. ५० भाषांत दोन, २६ भाषांत तीन, १२ भाषांत चार आणि २४ भाषांत पाच किंवा त्याहून जास्त वर्ग आढळले. मराठी त्या सव्वीसांच्या जातीची. ओजिब्वे या उत्तर अमेरिकेतल्या भाषेत भेद फक्त सजीव-निर्जीव असा आहे, आणि तिथे रास्पबेरी सजीव तर स्ट्रॉबेरी निर्जीव.

पूर्व आफ्रिकेतली स्वाहिली मला फार आवडते, कारण तिथे नातं कानाला ऐकू येतं. 'किताबू किकुब्वा किमेआंगुका' म्हणजे मोठं पुस्तक पडलं. अनेक पुस्तकं पडली तर 'विताबू विकुब्वा विमेआंगुका'. नाम, विशेषण, क्रियापद, तिघांच्या तोंडाशी एकच अक्षर. हा 'किताबू' म्हणजे आपल्या उर्दूतलाच किताब, मूळ अरबी. अरबीत 'कि' हा प्रत्यय नव्हता. स्वाहिली बोलणाऱ्यांनी तो आपल्या वस्तुवर्गाचा प्रत्यय धरला आणि शब्द त्या वर्गात बसवून टाकला.

चिनी भाषेत पुस्तक मोजायला एक शब्द, सपाट वस्तू मोजायला दुसरा, लांबट वस्तूंना तिसरा. ते लिंग नव्हे, कारण विशेषण आणि क्रियापद तिथे हलत नाही. आपलं 'चार जण' त्याच्या जवळचं. बंगालीतही मोजणीचे प्रत्यय आहेत, लिंग नाही.

परक्या शब्दांवरून भांडू नका

नवा शब्द आला की मराठी त्याला आपल्या ओळखीच्या शब्दाच्या शेजारी बसवते. गाडी स्त्रीलिंगी, म्हणून बस, कार, ट्रेन स्त्रीलिंगी. पण ट्रक पुल्लिंगी राहिला. 'पेन' कुणाकडे 'तो' तर कुणाकडे 'ते' असतं. अशा शब्दांत विद्यार्थ्याचे गुण कापण्याआधी तो पूर्ण उताऱ्यात एकच लिंग पाळतो का ते पाहा. वाद उरलाच तर मराठी शब्दकोशात नामापुढची पुं., स्त्री., न. ही खूण बघा. मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी शब्दकोशाच्या १८५७ च्या आवृत्तीतही अशा खुणा आहेत, आणि काही शब्दांपुढे त्यांनी दोन-दोन लिंगं नोंदवली आहेत. तिथे दोन्ही उत्तरांना पूर्ण गुण द्या.