बेटावर हवा बिघडली तर प्रवासाचा बेत कसा बदलावा

बेटावरच्या बोटी पावसामुळे फारशा बंद पडत नाहीत. त्या बंद पडतात वाऱ्यामुळे आणि लाटांमुळे. लख्ख ऊन पडलेलं असतं आणि तरी धक्क्यावर गेल्यावर कळतं, आज बोट नाही. त्यामुळे मोबाईलवरचं ढगाचं किंवा सूर्याचं चित्र बघून बेत ठरवू नका.

आधी वारा बघा

सागरी अंदाजात वाऱ्याचा वेग नॉटमध्ये देतात. १ नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. ब्यूफोर्ट मापनात वाऱ्याच्या ० ते १२ अशा पायऱ्या आहेत. सहाव्या पायरीवर, म्हणजे २२ ते २७ नॉटला, लहान बोट सुटेलच असं धरून चालू नका. आठव्या पायरीवर, ३४ ते ४० नॉटला, मोठ्या बोटीचाही भरवसा नाही. शिवाय वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या (वेग गुणिले वेग) प्रमाणात वाढतो. २० नॉटचा वारा ३० झाला तर त्याचा दाब सव्वादोन पट होतो.

लाटांच्या उंचीचा आकडाही नीट समजून घ्या. अंदाजात साधारणपणे सर्वांत उंच एक-तृतीयांश लाटांची सरासरी देतात. ‘२ मीटर’ लिहिलं असेल तर मधूनच जवळपास ४ मीटरची एखादी लाट येऊ शकते. वाऱ्याची दिशाही पाहा. वारा थेट धक्क्यावर येत असेल तर बोट लावताच येत नाही, पण बेटाच्या दुसऱ्या बाजूला, आडोशाला धक्का असेल तर तिथून ती सुटू शकते. बोट कंपनीला हे आवर्जून विचारा. विमानाने जाणार असाल तर धुकं आणि धावपट्टीला आडवा येणारा वारा, या दोन्हींवर लक्ष ठेवा.

निघायचं की थांबायचं

हा निर्णय वारा चढायच्या आधी घ्यायचा असतो. पलीकडून पुढचं विमान दोन दिवसांत असेल, बरोबर तान्हं मूल किंवा गरोदर बाई असेल, कुणाला नियमित उपचार लागत असतील, तर सुट्टीचा एक दिवस सोडा आणि आजच निघा. तो दिवस सोडताना वाईट वाटतं, हे मला माहीत आहे. तरीही निघाच. शक्यतो सकाळची पहिली बोट धरा, कारण बऱ्याच किनाऱ्यांवर दुपारनंतर वारा वाढतो आणि पहिली चुकली तरी हाताशी दुसरी उरते.

परतायची घाई नसेल तर मात्र निवांत थांबा. खवळलेल्या समुद्रातून निष्कारण जाऊ नये.

तिकीट घाईने रद्द करू नका

तुम्ही रद्द केलंत तर पैसे तिकिटाच्या अटींप्रमाणे मिळतात किंवा बुडतात. कंपनीने फेरी रद्द केली तर तुमची बाजू भक्कम होते. म्हणून आधी तारीख बदलून मागा. रद्द झाल्याचा संदेश जपून ठेवा, विम्याच्या दाव्याला तो लागतो. विमाही आधीच काढलेला हवा. वादळाला नाव मिळाल्यावर काढलेल्या विम्यात त्या वादळाचं नुकसान सहसा धरत नाहीत.

नियम देशागणिक बदलतात. युरोपीय संघाचंच बघा. खराब हवेमुळे विमान रद्द झालं तर रोख भरपाई मिळत नाही, पण तिकिटाचे पैसे किंवा दुसरं विमान यांतलं एक निवडता येतं आणि अडकलात तर जेवण व मुक्कामाची सोय विमान कंपनीने करायची असते. बोटीचं तसं नाही. हवा धोकादायक असल्याचं बोट कंपनीने दाखवलं, तर मुक्कामाचा खर्च प्रवाशावर पडतो. पुढची बोट किंवा पैसे परत, हा हक्क मात्र राहतो.

विमान आणि बोटीची तिकिटं वेगवेगळी काढली असतील तर बोट चुकल्याचं विमान कंपनीला कळतही नाही. तिला तुम्हीच कळवा, तेही विमान सुटायच्या आधी.

खोली आधी पक्की करा

बोट बंद झाल्याचं कळताक्षणी, रांगेत उभं राहण्याआधी, राहत्या ठिकाणी फोन लावा. उद्या तुमच्या खोलीत येणारे पाहुणेही बहुधा पलीकडे अडकलेले असतात, त्यामुळे तीच खोली मिळण्याची शक्यता चांगली असते. मग औषधं मोजा, थोडी रोकड काढा आणि फोन चार्ज करून ठेवा. वीज गेली की कार्ड चालेलच असं नाही.

लाटा बघायला खडकांवर किंवा धक्क्याच्या टोकाला जाऊ नका. चक्रीवादळात वारा एकाएकी थांबला तर तो वादळाचा डोळा असू शकतो. थोड्या वेळाने वारा उलट दिशेने तितक्याच जोराने येतो. प्रशासन सांगेपर्यंत आतच राहा.

बोटी सुरू झाल्यावर

वारा पडला तरी दुरून येणाऱ्या लांब लाटा एखाद-दोन दिवस टिकतात, म्हणून स्वच्छ हवेतही उशीर होतो. रद्द फेऱ्यांची माणसं पहिल्या बोटीवर गर्दी करतात. तुमचं नाव नेमकं कोणत्या फेरीत आहे ते आधी विचारून घ्या. बोट लागत असेल तर डॉक्टरांनी सांगितलेली गोळी निघण्याआधी घ्या आणि बोटीच्या मधल्या भागात, खालच्या मजल्यावर बसा. तिथे हेलकावे सर्वांत कमी बसतात.