चेक इंजिनचा दिवा लागलाय? सेन्सर बदलण्याआधी हे बघा
कात्रजचा घाट चढताना गाडी दम टाकते, पेट्रोल जास्त पिते आणि मीटरवर पिवळा दिवा, मेकॅनिक बघताक्षणी म्हणतो, "ऑक्सिजन सेन्सर (एक्झॉस्टच्या धुरातला ऑक्सिजन मोजणारा) गेला." लगेच खिशात हात घालू नका. स्टीअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटला (गाडीतले दोष वाचायची जागा) ब्लूटूथ स्कॅनर लावून कोड वाचा. पी०१३५ आला तर दोष पहिल्या, म्हणजे इंजिनजवळच्या सेन्सरला गरम करणाऱ्या हीटर सर्किटमध्ये आहे. आधी फ्यूज बघा, मग वायर. माझ्या गाडीत भर पावसाळ्यात उंदराने वायर कुरतडली होती, सेन्सर ठणठणीत!

वायर चांगली असेल तर इंजिन गरम करून कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (धूर स्वच्छ करणारा डबा) आधीच्या, म्हणजे त्याच पहिल्या सेन्सरचं व्होल्टेज स्कॅनरवर बघा. साध्या, झिरकोनिया प्रकारच्या सेन्सरचा आकडा ०.१ ते ०.९ व्होल्टच्या मध्ये सतत वरखाली नाचायला हवा. एकाच जागी चिकटला तर संशय घ्या, पण एक्झॉस्टच्या पाइपला गळती असेल तरी तो फसवतो.

बदलायचाच झाला तर इंजिन कोमट असताना खोला, थंड आटे हलत नाहीत. पाना बहुतेक २२ मिमीचा लागतो. जुना सेन्सर घेऊन दुचाकीवरून पुण्यातला नाना पेठेचा स्पेअर पार्टचा बाजार गाठा, पार्ट नंबर जुळवूनच नवा घ्या. नव्याच्या टोकाला ग्रीस अजिबात लागू देऊ नका.