शिडाच्या जहाजावरच्या खलाशाचा पगार कसा काढायचा, तेही नागपुरात बसून

आपल्याकडे पाण्याचा विषय निघाला की फुटाळा नाहीतर अंबाझरी तलाव, त्याच्या पुढे गाडी जात नाही, त्यामुळे मी रात्री शिडाच्या जहाजांचे पगार काढत बसतो म्हटलं की घरचेही हसतात. पण राजेहो, मी पंधरा वर्षं जिनिंगमधे हजेरी न् पगारपत्रक लिहिलंय आणि जहाजावरच्या खलाशांच्या कराराचा कागद पहिल्यांदा पाहिला तेव्हा वाटलं, अरे हे तर आपलंच रजिस्टर आहे, फक्त इंग्रजीत. दुसरं म्हणजे १८६१ ते १८६५ मधे अमेरिकेत युद्ध चालू असताना लिव्हरपूलला कापूस मिळेना, तेव्हा आपल्या हिंगणघाट-वऱ्हाडाकडचा कापूस मुंबईहून जहाजात भरून गेला. सुएझ उघडला १८६९ ला, म्हणजे त्याआधी पूर्ण आफ्रिकेला वळसा. त्या गाठी वाहणाऱ्या माणसाच्या हाती शेवटी काय पडलं, हे पाहायची मला भारी खाज.

तर खलाशांच्या कराराच्या त्या कागदाचं नाव क्रू अ‍ॅग्रीमेंट. ब्रिटिश जहाजांना १८३५ च्या कायद्यापासून खलाशांची यादी सरकारात जमा करावी लागायची. १८६३ नंतरच्या बहुतेक याद्या आज कॅनडात न्यूफाउंडलंडच्या मेमोरियल युनिव्हर्सिटीत आहेत, साधारण दहा टक्के नमुना लंडनच्या नॅशनल आर्काइव्हजमधे आणि ५ ने संपणाऱ्या वर्षांच्या ग्रीनिचच्या म्युझियममधे. शिकायला मात्र वेल्सच्या नॅशनल लायब्ररीने टाकलेल्या अ‍ॅबरिस्टविथच्या जहाजांच्या याद्या घ्या, १८५६ ते १९१४, घरबसल्या दिसतात. शोधताना जहाजाच्या नावाच्या भरवशावर राहू नका, एकाच नावाची ढीगभर जहाजं असतात. १८५५ पासून प्रत्येक जहाजाला ऑफिशियल नंबर मिळाला, तो धरा. आपल्या गाडीच्या नंबरासारखं, मालक बदलला तरी नंबर तोच.

आता कागद उघडा. एका ओळीत एक माणूस. सही किंवा फुली, वय, जन्मगाव, आधीचं जहाज, कधी न् कुठे चढला, काय म्हणून चढला, महिन्याचा पगार, उचल, कधी न् का उतरला आणि शेवटी हातात किती मिळाले. हुद्द्यात 'एबी' दिसलं की तो एबल सीमन, म्हणजे शीड, दोर, सुकाणू सगळं येणारा पक्का खलाशी. 'ओएस' म्हणजे ऑर्डिनरी, अजून शिकून राहिलेला. मग सुतार, शीड शिवणारा, कुक, स्टुअर्ड. कॅप्टनचा पगार शोधत बसू नका, बहुतेक यादीत तो नसतोच, त्याचं मालकाशी वेगळं ठरलेलं.

पगाराच्या रकान्यात २-१०-० असं काहीतरी असतं. मी पहिल्या वेळी हे दोन पॉइंट दहा समजून एक्सेलमधे टाकलं आणि अख्खी रात्र वाया घालवली. ते पाउंड-शिलिंग-पेन्स आहे भाऊ, २० शिलिंगचा पाउंड, १२ पेन्सचा शिलिंग. सगळं आधी शिलिंगमधे करून घ्या, मग डोकं दुखत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या अर्धात एबीला महिन्याला साधारण अडीच ते तीन पाउंड दिसतात, कधी कमी, कधी जास्त.

पण या रकान्यावर थांबू नका, सगळे इथेच फसतात. आपल्याकडे पाडव्याला सालदार ठेवतात तेव्हा सालाची रक्कम गावभर सांगतात, पण वर्षाअखेर उचल वळती होऊन हातात काय पडते ते त्याच्या बायकोलाच माहीत. इथेही तेच.

हा मी बनवलेला हिशेब घ्या. एबी, पगार २-१०-० म्हणजे ५० शिलिंग. १२ मार्चला चढला, २० ऑक्टोबरला उतरला. ११ ऑक्टोबरपर्यंत पुरे सात महिने, ३५० शिलिंग. वरचे नऊ दिवस, ५० भागिले ३० म्हणजे रोजचा १ शिलिंग ८ पेन्स, नऊ दिवसांचे १५ शिलिंग. एकूण ३६५ शिलिंग, १८-५-०. मस्त वाटतंय ना? आता कपात लावा. निघताना एका महिन्याची उचल, ५०. घरी बायकोला दरमहा अर्धा पगार लावून दिलेला, २५ प्रमाणे सहा हप्ते, १५०. वाटेत कॅप्टनच्या पेटीतून तंबाखू, साबण, एक गरम सदरा, ३२ शिलिंग ६ पेन्स, आणि त्या पेटीचा भाव कॅप्टनच ठरवणार, समुद्रात दुसरं दुकान कुठून आणता! राहिले १३२ शिलिंग ६ पेन्स. म्हणजे ६-१२-६. शेवटच्या रकान्याशी हा आकडा जुळला की तुमचं वाचन बरोबर. नाही जुळला तर आधी तारखा परत मोजा, मग दंड पाहा, दारू प्यायला, भांडला, त्याचे पैसे कापत.

उचलीची गोष्ट सांगतोच. ती रोख मिळत नसे, चिठ्ठी मिळायची आणि जहाज निघून गेल्यावरच तिचे पैसे निघायचे. मग बंदरातला खानावळवाला ती कमी भावात घ्यायचा आणि खलाशी जहाजावर चढायचा तो रिकाम्या खिशाने. १८८० च्या कायद्याने या चिठ्ठ्या बंद केल्या, १८८९ ला एका महिन्यापुरत्या परत आल्या. पहिला महिना फुकट राबल्यासारखाच, त्याला ते मेलेला घोडा म्हणत. महिना फिटला की कॅनव्हासचा घोडा करून त्यात गवत भरायचे, गाणं म्हणत दोराने वर आडव्या काठीला लटकवायचे आणि कापून समुद्रात सोडायचे. पोळ्यानंतर मिरवून जाळतो त्या आपल्या मारबतीची आठवण येते की नाही?

त्याच कागदावर जेवणाचा तक्ताही असतो, तो नक्की वाचा, कारण तोही पगारच. रोज एक पाउंड (इथे पाउंड म्हणजे वजन, अर्ध्या किलोच्या आत) कडक बिस्किट, खारवलेलं गोमांस दीड पाउंड नाहीतर डुकराचं सव्वा पाउंड, थोडा चहा-साखर आणि पाणी तीन क्वार्ट, म्हणजे साडेतीन लिटरच्या आत, त्यात पिणं न् रांधणं दोन्ही. नागपूरच्या मे महिन्यात एवढं तर आपण दुपारपर्यंत संपवतो.

उतरण्याच्या रकान्यात 'डिस्चार्ज्ड' असेल तर सरळ. 'डिझर्टेड' असेल तर पळाला, आणि पळाला की राहिलेला पगार बुडाला. १८५१ नंतर ऑस्ट्रेलियात सोनं सापडलं तेव्हा मेलबर्नला जहाजंच्या जहाजं रिकामी झाली. उतरताना मिळणाऱ्या काम-वागणुकीच्या दाखल्यावर 'व्हीजी' म्हणजे व्हेरी गुड. 'डीआर' म्हणजे कॅप्टनने शेरा द्यायलाच नकार दिला, त्या माणसाला पुढचं जहाज मिळणं कठीण.

आपले लोक शोधत असाल तर लास्करांचे, म्हणजे ब्रिटिश जहाजांवरच्या आपल्याकडच्या खलाशांचे करार वेगळे असतात. तिथे भरती सारंगामार्फत, म्हणजे त्यांच्या म्होरक्यामार्फत, त्याच्या हाताखाली तांडेल, आणि पगार गोऱ्या खलाशापेक्षा कितीतरी कमी, रुपयांत. नावं साहेबाने कानाला आली तशी लिहिलेली, त्यामुळे स्पेलिंग सोडा, मोठ्याने वाचून पाहा.

आणि 'ड्राउन्ड', म्हणजे बुडून मेला, असं दिसलं तर तारीख नीट टिपा, पगार त्या दिवसापर्यंतच धरतात. मग जहाजाची लॉगबुक, म्हणजे रोजनिशी, मिळते का पाहा, कारण मेलेल्याचं सामान बऱ्याचदा डोलकाठीपाशी लिलावात काढत. बूट, चाकू, ऑइलस्किन म्हणजे पाणी न शिरणारा कोट, कोणी किती शिलिंगला घेतलं ते ओळीने असतं, आणि ती रक्कम त्याच्या पगारात जमा करायला विसरू नका, नाहीतर हिशेब परत जुळणार नाही.